धुतलेल्या हातांची परीक्षा

लता दीदींच्या घरी चहाला जायचं म्हणजे आधी हात धुवायचे. चौबे कॉलोनीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं की पहिला शब्द "या" नसायचा, "हात!" असायचा. त्यांचे वडील यशवंतराव रेल्वेत गार्ड होते. वर्ध्याकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. ते खुर्चीतून माझ्याकडे बघत हसायचे. "धुवा बाप्पा, धुवा. मी तर या घरात जेवण्यापेक्षा हातच जास्त धुऊन राहिलो," म्हणायचे. दीदी आतून ओरडायच्या, "बाबा, तुम्ही नखं दाखवा आधी!"

लता गावंडे या आमच्या हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल नर्स. एका पेशंटचा आजार हॉस्पिटलातून दुसऱ्याला लागू नये, हे पाहणं त्यांचं काम. कोणी हात धुतले, कोणी नुसतेच ओले केले, वापरलेली सुई कुठे टाकली, पोछ्याचं पाणी कधी बदललं, या सगळ्यावर त्यांचा डोळा. अशा कामात माणूस कोणाचा लाडका होत नाही. मोठमोठे सर्जन कॉरिडॉरमध्ये त्यांना बघून मोबाईल कानाला लावायचे. मी तिथल्याच लॅबमध्ये टेक्निशियन. पेशंटच्या रक्तातले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि ओळखायचे, हा माझा धंदा. माझा स्वभाव तिरसट आहे असं माझी बायको म्हणते आणि या एका बाबतीत आमचा वाद नाही. तरी लता दीदींशी माझं जमायचं, कारण त्याही माझ्याइतक्याच तिरसट होत्या, फक्त त्यांचा तिरसटपणा कोणाच्या तरी भल्याचा असायचा.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि गावात दोन गोष्टींचं पेव फुटलं. एक हॉस्पिटलं आणि दुसरी नर्सिंग कॉलेजं. कॉलेजांकडे इमारत असायची, बोर्ड असायचा, हॉस्पिटल मात्र नसायचं. मग पोरी शिकणार कुठे? त्यांना आमच्यासारख्यांकडे पाठवायचे. त्याला पोस्टिंग म्हणतात. प्रत्येक बॅचच्या चार-पाच पोरी काही आठवडे लता दीदींच्या हाताखाली यायच्या. धमतरी, महासमुंद, कवर्धा, कुठून कुठून यायच्या. पहिल्या आठवड्यात रडायच्या. दुसऱ्या आठवड्यात दीदींच्या मागे मागे फिरायच्या. जाताना पुन्हा रडायच्या, पण वेगळ्या कारणाने. पुढे त्यातल्या कित्येक जणी आमच्याकडेच स्टाफ नर्स म्हणून लागल्या. दीदींनी लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची माझी छाती कधी झाली नाही. पण या पोरी त्यांच्याच होत्या. सकाळी येता येता पाया पडायच्या, "पाँव परत हँव दीदी" म्हणायच्या, आणि या बाईचा एरवी ताठ असलेला चेहरा एकदम मऊ व्हायचा. मी चिडवायचो, "झालं का देवीचं दर्शन सुरू?" तर म्हणायच्या, "तुम्ही जा आपल्या जंतूंकडे."

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात आलेल्या चौघींमध्ये देवश्री ठाकरे होती. राजनांदगावची, आपल्या मराठी घरातली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून. वडील लहानपणीच गेलेले, सगळा कारभार काकांच्या हातात. हे नीलकंठ काका शिक्षणाच्या विरोधात नव्हते, पण त्यांची एक अट होती. कुठेही एकदा नापास झाली, कॉलेजमधून एक जरी तक्रार आली, की शिक्षण बंद. दुर्गचं एक स्थळ त्यांनी बघूनच ठेवलं होतं. देवश्रीने हे पहिल्याच आठवड्यात दीदींना सांगून टाकलं, आणि दीदींनी मला. "हुशार पोट्टी आहे भाऊ," त्या म्हणाल्या, "पण मान वर करून बोलत नाही. मोठ्या माणसासमोर तर हिची जीभच टाळूले चिकटते."

दोन आठवडे बरे गेले. मग नर्सरीत आग लागली. खरी आग परवडली असती.

नर्सरी म्हणजे नवजात बाळांचा कक्ष. कमी दिवसांची, कमी वजनाची, हाताच्या पंजात मावतील अशी बाळं. त्यातलं एक बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडायला लागलं. दोन दिवसांत दुसरं. दोघांचं रक्त माझ्याकडे आलं. सकाळी लॅबमधला, प्लेटा उबेत ठेवायचा इन्क्युबेटर उघडला आणि प्लेट बघायच्या आधीच वास आला. पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आणि प्लेटवर हिरवट झाक. सुडोमोनास. हा जंतू ओलाव्यात राहतो, नळात, बादलीत, मोरीत, आणि अर्धवट पातळ केलेल्या औषधाच्या पाण्यातही मजेत जगतो. मोठ्या माणसाला तो सहसा काही करत नाही. नवजात बाळाला मारू शकतो. दोन्ही बाळांचा जंतू एकच होता. कोणतं औषध त्याला लागू पडतं आणि कोणतं नाही, हे तंतोतंत जुळत होतं. म्हणजे तो एकाच ठिकाणाहून येत होता आणि कोणीतरी तो बाळापर्यंत नेत होतं.

दीदी शोधाला लागल्या. नळ, साबण, दुधाच्या वाट्या, सक्शनच्या नळ्या, वजनाचा काटा, दाराचं हँडल, सगळ्याचे नमुने माझ्याकडे आले. सगळं स्वच्छ. त्यांनी डॉक्टरांच्या घड्याळांचेही नमुने घेतले, त्यावरून एक बालरोगतज्ज्ञ त्यांच्याशी बोलेनासे झाले. तेही स्वच्छ. दीदींचं जेवण सुटलं. डबा न उघडताच घरी जायचा आणि यशवंतराव मला फोन करायचे, "काहो, पोट्टी काहीच बोलून नाही राहिली. तिथं काय चाललं आहे?"

गुरुवारी सकाळी दीदींनी अचानक बोटांची परीक्षा घेतली. ही त्यांची नेहमीची पद्धत. हात धुतले की पाचही बोटं कल्चरच्या प्लेटवर टेकवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर काय उगवलं ते बघायचं. मी प्लेटा घेऊन नर्सरीच्या बाहेरच्या बेसिनपाशी उभा राहिलो. तिघींची बोटं तिथेच घेतली. देवश्री मी पोचायच्या आधीच हात धुऊन आत गेली होती, म्हणून तिची आत जाऊन घेतली. तिने अजून एकाही बाळाला हात लावला नव्हता. शुक्रवारी तिघींच्या प्लेटा कोऱ्या निघाल्या. देवश्रीच्या प्लेटवर पाच हिरवट ठसे होते, आणि तोच वास.

हॉस्पिटलचे डायरेक्टर डॉ. शरच्चंद्र लोंढे जुन्या रायपूरचे. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सदर बाजारातल्या दुकानांत "उस अस्पताल में बच्चे बीमार पड़ रहे हैं" असं लोक बोलायला लागले होते, आणि एका चॅनेलवाल्याने गेटवर येऊन चौकशी केली होती. प्लेट बघून त्यांना हायसं वाटलं. ते मला आवडलं नाही.

"सापडलं," ते म्हणाले. "मुलीने हात नीट धुतले नाहीत. कॉलेजला पत्र पाठवू, तिला परत घ्या म्हणून. सोमवारी दुपारी पत्र जाईल."

"सर, तिनं हात धुतले. मी काचेतून बघून राहिली होती. कोपरापर्यंत धुतले," दीदी म्हणाल्या.

"लताबाई, मग खोटं कोण बोलतंय? तुम्ही की ही प्लेट?"

देवश्रीला बोलावलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "सर, मैंने धोया था," एवढंच म्हणाली आणि मान खाली घातली. मला त्या मुलीचा राग आला. अगं, जरा ओरड, रड, भांड! पण ती नुसती आपल्या बोटांकडे बघत होती.

शनिवारी तिसरं बाळ आजारी पडलं. हिरालाल नावाच्या ऑटोवाल्याचा मुलगा, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. हिरालाल नर्सरीच्या काचेला कपाळ टेकवून उभा असायचा. दीदी जवळून गेल्या की हात जोडायचा. त्या दिवशी दीदी त्याची नजर चुकवून गेल्या. हे मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा करताना पाहिलं.

त्या संध्याकाळी त्या माझ्या लॅबमध्ये येऊन बसल्या. "भाऊ, पोट्टीनं हात धुतले, आत गेली, कशालेच हात नाही लावला. दार आपण खांद्यानं ढकलतो. मग हातावर आलं कुठून?"

मी म्हटलं, "तुम्ही बघत होतात ना पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. मी तर आतच उभी होती, दारापाशी. दुसरीकडे कुठं राहते मी सकाळी?"

"मग उद्या तिला पुन्हा तसंच करायला लावू," मी म्हटलं. "पहिल्यापासून. जे त्या दिवशी केलं ते सगळं. प्रत्येक पायरीला प्लेट."

रविवारी दुपारी नर्सरीत शांतता होती. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. देवश्रीने बाहेर स्वतःच्या चपला काढल्या आणि नर्सरीतल्या रबरी चपला घातल्या. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून या चपला दाराशी एका टबात, फिनाइलच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या असायच्या. हा टब दीदींनीच ठेवायला लावला होता. ओल्या चपला उन्हाळ्यात पायाला बऱ्या वाटायच्या, त्यामुळे त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दीदीही तशाच चपला घालून नेहमीप्रमाणे आत, दाराजवळ उभ्या राहिल्या. देवश्रीने हात धुतले. इतके की मलाच थांब म्हणावंसं वाटलं. मी बोटांची प्लेट घेतली. तिने दार खांद्याने ढकललं, आत आली. दुसरी प्लेट घेतली. आणि ती थांबली.

"मग?" दीदी म्हणाल्या.

देवश्री हलली नाही.

"काहून थांबली? त्या दिवशी पुढे काय केलं होतं? तेच कर."

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दीदींकडे.

"देवश्री! उद्या पत्र जाणार आहे तुझं. कळून राहिलं का तुले? कर म्हटलं ना!"

तेव्हा ती हळूच वाकली आणि दोन्ही हातांनी दीदींच्या पायांना शिवली. दीदींचा हात सवयीने तिच्या डोक्यावर गेला. "खुश रा..." इतकं तोंडातून बाहेर पडलं आणि बाई जागच्या जागी गारठली. हात तसाच त्या मुलीच्या डोक्यावर राहिला.

मी तिसरी प्लेट पुढे केली. देवश्रीने बोटं टेकवली. चपलांच्या पाण्याने तिची बोटं ओली झाली होती.

खरं सांगतो, मलाही तोपर्यंत काही दिसलं नव्हतं. रोज सकाळी मी हे बघत होतो. दीदींच्या तालमीत तयार झालेल्या पोरी कोण नाक खाजवतं, कोण केस मागे सारतं, कोण फोन उचलतं, सगळं टिपायच्या. पण पाया पडणं हे कोणाच्या हिशेबात हात लावणं नव्हतंच. तो नमस्कार होता. तो कोण मोजणार? आणि एकट्या देवश्रीचं नव्हतं हे. नर्सरीतल्या निम्म्या नर्स दीदींच्या जुन्या विद्यार्थिनी. त्याही सकाळी हात धुऊन आत यायच्या, दीदींच्या पाया पडायच्या आणि त्याच हाताने बाळ उचलायच्या.

दीदी स्टुलावर बसल्या. उजव्या पायातली चप्पल काढून उलटी-सुलटी करून पाहिली. "शिरीष भाऊ," त्या म्हणाल्या, आवाज ओळखू येत नव्हता, "हिची पण प्लेट घ्या. टबाच्या पाण्याची पण घ्या." मग त्यांनी टब स्वतः उचलून बाहेर नेला. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "हात नका लावू." त्या दुपारपासून नर्सरीत एकही ओली चप्पल आली नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या दोन प्लेटा कोऱ्या होत्या. तिसरी हिरवी. चपलेची हिरवी. टबाची तर बघवत नव्हती. कोणीतरी फिनाइल पुरवून पुरवून वापरत होतं आणि त्या पांचट पाण्यात जंतू सुखाने नांदत होता. मी पाचही प्लेटा घेऊन दीदींबरोबर डायरेक्टरांच्या खोलीत गेलो. टेबलावर कॉलेजला जायचं पत्र टाईप करून तयार होतं.

डॉ. लोंढेंनी सगळं ऐकून घेतलं. एकेक प्लेट उचलून पाहिली. "टब गेला ना? चपला गेल्या ना? मग विषय संपला," ते म्हणाले. "हे नमस्काराचं मात्र या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. इन्फेक्शन कंट्रोलच्या बाईच्या पायातून इन्फेक्शन! चॅनेलवाले नाचतील आपल्या डोक्यावर."

"आणि पत्र?" दीदींनी विचारलं.

"पत्र जाऊ द्या. लोकांना काहीतरी उत्तर द्यावंच लागेल. मुलगी आहे, दुसरीकडे पोस्टिंग मिळेल तिला."

"नाही मिळणार सर. तिचं लगन लावून देतील."

"लताबाई, तुमची नोकरी वाचवून राहिलो मी इथे!"

दीदी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता ही बाई रडणार. पण त्यांनी ते पत्र उचललं, दोन तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. "उत्तर द्यायचं आहे ना? उत्तर मी आहो. टब माहा, पाय माहे, नमस्कार घेणारी मी. माहं नाव लिहा."

डॉक्टर काही म्हणायच्या आत दीदी बाहेर पडल्या. त्या सरळ नर्सरीत गेल्या. तिथे ड्यूटी बदलत होती. सगळ्या नर्सेस आणि पोरींसमोर त्यांनी झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, आजपासून या हॉस्पिटलात माझ्या पायाला कोणी हात लावायचा नाही. मग बाहेर काचेपाशी हिरालाल उभा होता, त्यालाही सांगितलं. मी दूर उभा होतो. तो माणूस त्यांची मान धरेल असं वाटत होतं. हिरालालने शेवटपर्यंत ऐकलं. त्याला किती कळलं देव जाणे. त्याने एवढंच विचारलं, "बाँच जाही ना, दीदी?" वाचेल ना? दीदी म्हणाल्या, "कोशिश कर रहे हैं, भैया." खोटा धीर त्यांनी दिला नाही.

आता खरं तर इथे सगळं आटपायला हवं होतं. कॉरिडॉरच्या बाकावर देवश्री बसली होती. दीदींनी तिला सांगितलं, पत्र जाणार नाही, तुझी काही चूक नव्हती. मुलगी ओक्साबोक्शी रडली. आणि रडता रडता बोलून गेली, "दीदी, मुझे उसी दिन लगा था।"

"काय वाटलं होतं?"

"जब सर ने प्लेट दिखाई... मैंने सोचा, धोने के बाद तो बस आपके पैर छुए थे। और कुछ छुआ ही नहीं था।"

"कोणत्या दिवशी?"

"शुक्रवार को।"

"मग सांगितलं काहून नाही?"

"आपके बारे में कैसे बोलती, दीदी? आप तो..." तिला शब्द सापडला नाही.

दीदींचा चेहरा मी बघत होतो. तिथे आधी थकवा होता, मग काहीच नव्हतं, आणि मग असा संताप आला की मी नकळत एक पाऊल मागे झालो. "शुक्रवारी तुले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "हिरालालचं पोट्टं शनिवारी आजारी पडलं. तू माहा मान राखून राहिली होती, आणि तिकडे..." पुढचं त्यांच्याने बोलवलं नाही. त्या श्वास घेऊन म्हणाल्या, "तुझं पोस्टिंग मी पास नाही करत. पुन्हा करावं लागेल. पहिल्या दिवसापासून."

मी भडकलो. देवश्री गेल्यावर मी दीदींना नाही नाही ते बोललो. म्हटलं, "तासाभरापूर्वी तिच्यासाठी नोकरी पणाला लावलीत, आणि आता तुम्हीच तिला बुडवताय? तिचा काका काय करेल माहीत आहे ना? तुम्हाला स्वतःचा राग आला आहे आणि तो तिच्यावर काढताय!"

"हाव, स्वतःचाच राग आहे," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं ना तिले असं. पाया पड, मान खाली घाल, दीदी म्हणेल ते खरं. आता तशीच पास करून पाठवू? उद्या दुसऱ्या हॉस्पिटलात दुसऱ्या कोणाचा मान राखेल ती. तिथं कोणाचं पोट्टं जाईल, सांगा ना मले." माझा राग तरी गेला नाही. मी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं.

कॉलेजकडून बातमी गेली आणि नीलकंठ काका बुधवारी आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात पावसाळ्यातली छत्री उन्हासाठी. त्यांनी दीदींना एकच विचारलं, "पोरगी पास का नापास?" दीदी म्हणाल्या, "पुन्हा करायचं आहे." काका म्हणाले, "म्हणजे नापास," आणि देवश्रीकडे वळले. "चल. होस्टेलमधून सामान घे. चारच्या गाडीनं निघायचं."

देवश्री जागची हलली नाही. मग तिने मान वर केली.

"नहीं काका। पूरा करके आऊँगी।"

"काय म्हणाली?"

"गलती मेरी थी। मुझे मालूम था और मैं चुप रही। अब पूरा करके ही आऊँगी।"

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पुतणीचं 'नाही' ऐकलं असावं. त्यांनी दीदींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तुझ्या आईले काय सांगू मी?" असं काहीसं पुटपुटले. चारच्या गाडीने ते एकटेच गेले. ते पुन्हा कधीही येतील आणि तिला उचलून नेतील, ही भीती मात्र आम्हाला रोज होती.

हिरालालच्या बाळाने आम्हाला चांगलंच ताणून धरलं. ताप नाही, उलट अंग गार पडायचं, श्वास मध्येच थांबायचा, मशीन किंचाळायचं. मग एक दिवस त्याचं रक्त माझ्याकडे आलं आणि प्लेटवर काहीच उगवलं नाही. मी ती प्लेट तीनदा उजेडाकडे धरून पाहिली. दीदींशी अबोला होता, तरी धावत जाऊन सांगितलं. त्यानंतर बाळ हळूहळू दूध ओढायला लागलं. आधी आजारी पडलेली दोघं घरी गेली होती. डॉ. लोंढेंनी दीदींना नोकरीवरून काढलं नाही. का नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दीदी मात्र बदलल्या होत्या. सकाळी दारापाशी उभ्या राहायच्या नाहीत. पोरी लांबून हात जोडायच्या आणि त्या घाईने मान हलवून पुढे जायच्या. मला चिडवायला काही उरलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटायचं.

देवश्रीच्या दुसऱ्या पोस्टिंगमधला एक दिवस. राउंडची वेळ. डॉ. लोंढे, दोन बालरोगतज्ज्ञ, नर्सेस, सगळे नर्सरीत. मी एक रिपोर्ट द्यायला आलो होतो. दीदींनी हात धुतले, आत आल्या. घामाने त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. त्यांनी तो बोटाने वर सरकवला आणि हिरालालच्या बाळाला उचलायला दोन्ही हात पुढे केले.

"दीदी, रुकिए।"

सगळे वळले. देवश्री बाळ आणि दीदी यांच्यामध्ये येऊन उभी होती. तिची मान वर होती.

"आपने चश्मा छुआ। फिर से धोइए।"

एका डॉक्टरने हसू दाबलं. डॉ. लोंढे छताकडे बघायला लागले. दीदींनी त्या मुलीकडे पाहिलं. मग मागे फिरल्या, खांद्याने दार ढकललं आणि बाहेर बेसिनपाशी गेल्या. मी काचेतून बघत होतो. त्यांनी साबण घेतला आणि बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत हात धुतले, अगदी नव्या विद्यार्थिनीसारखे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात लावता येत नव्हता, म्हणून ते तसंच गालांवरून ओघळू दिलं.

आत येऊन त्यांनी दोन्ही ओले हात देवश्रीसमोर धरले.

"आता?"

देवश्रीने एकेक नख पाहिलं.

"हव दीदी," ती म्हणाली, "अब उठाइए।"